उजव्या कडेची झीज

१.

टायर बघायचा तो तळहातानं. डोळ्यांना फक्त नक्षी किती उरली तेवढं कळतं. हात टायरवरून एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका बाजूनं जाताना रबर गुळगुळीत लागतं, उलट येताना त्याची धार बोचते. त्या बोचण्यावरून गाडी कुठं ओढते ते मी सांगतो, मालक ब्रेक कसा मारतो ते सांगतो. रोडपालीत माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, त्याला एकोणतीस वर्षं झाली. आता कॅमेरेवालं मशीन आहे, रंगीत कागद छापून देतं. पण मशीनचं आणि माझ्या हाताचं पटलं नाही तर मी मशीन पुन्हा लावतो.

हा माझा तोरा, दुसरं काही नाही. अंकुश, माझा जुना फिटर, म्हणतो, "धर्मराजशेठ, तुम्ही माणसांवरून पण असाच हात फिरवत असाल." म्हणू दे.

डिसेंबरात माझा जावई प्रणित त्याची निळी गाडी घेऊन आला. दसऱ्याला घेतलेली. दोन दरवाज्यांची, जमिनीला टेकलेली, मागच्या चाकांवर जोर असलेली. चालू केली की शेजारच्या चहावाल्याचे ग्लास थरथरायचे. असली गाडी पनवेलच्या खड्ड्यांत कशाला घ्यायची, हे मी त्याला विचारलं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला अहोजाहो करायचं आणि गप्प बसायचं.

"मामा, मागून आवाज येतोय," तो म्हणाला. "घूं घूं करून. बेअरिंग गेलं काय?"

गाडी लिफ्टवर चढवली. बेअरिंग ठणठणीत होतं. मी मागच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेला हात घातला आणि झटकन काढला. आतली तार बाहेर आली होती. बोटाला रक्त.

मीटरवर दोन हजार एकशे किलोमीटर. मऊ रबराचे टायर लवकर जातात हे मान्य, पण पंधरा हजार तरी जातातच.

मला राग आला नाही, भीती वाटली. कारण त्या गाडीत माझी स्नेहा बसत होती. माझी एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी तिचं मूल पोटातच पाचव्या महिन्यात गेलं, त्यानंतर सहा महिने ती कुणाशी धड बोलली नव्हती. आता पुन्हा चौथा चालू होता. दर पंधरवड्याला तपासायला नेरूळला जायचं, ते सायन-पनवेल रस्त्यानं. शंभरच्या वेगात तार निघालेला टायर फुटला की काय होतं, ते मी कळंबोलीच्या सर्कलला डोळ्यांनी पाहिलंय.

२.

आपल्याकडं अशा गाड्यांची चाकं मुद्दाम वरून थोडी आत कलती ठेवतात, वळणावर पकड राहावी म्हणून. त्यामुळं टायरची आतली कड आधी जाते. पण मग दोन्ही बाजूंची आतली कड जाते. डाव्या टायरची उजवी आणि उजव्या टायरची डावी.

इथं तसं नव्हतं. डाव्या टायरची आतली कड गेली होती आणि उजव्या टायरची बाहेरची. पुढंही तेच. म्हणजे चारही टायर आपापल्या उजव्या कडेला घासलेले. डाव्या कडेवर मात्र नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच उभे.

मी दोनदा हात फिरवला. मग अंकुशला फिरवायला सांगितला.

"डावीकडं वळून घासलेत," तो म्हणाला. "पण इतके? ही गाडी काय घाण्याला जुंपली होती?"

मी जावयाला बाजूला घेतलं.

"प्रणितराव, एक विचारतो, राग मानू नका. रिकाम्या प्लॉटवर गाडी गोल गोल फिरवता का? ती पोरं करतात तसं, धूर काढत?"

"काय मामा! स्नेहा असते गाडीत. मी आता साठच्या वर जात नाय."

"एकटे असताना?"

"आईशप्पथ नाय. ऑफिस ते घर. बेलापूरला पार्किंगमध्ये उभी असते दिवसभर."

पोरगा खोटं बोलला की कानाची पाळी ओढतो, हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. आज त्यानं पाळीला हात लावला नाही. तरी मी विश्वास ठेवला नाही. माणूस शपथ घेतो, रबर घेत नाही.

चारही टायर नवीन घातले. मागचे पुढच्यांपेक्षा रुंद, शिवाय एकाच दिशेनं फिरणारे, त्यामुळं अदलाबदल करून काम भागवायची सोय नाही. अलाइनमेंट मी स्वतः केली. कागदावर सगळे आकडे हिरवे. प्रत्येक टायरवर आतल्या बाजूला पिवळ्या खडूनं मीटरचा आकडा लिहिला. ही माझी पद्धत आहे, गिऱ्हाइकानं नंतर वाद घालू नये म्हणून.

संध्याकाळी स्नेहाला फोन केला. "खरं सांग, हा गाडी कशी चालवतो?"

ती हसायला लागली. "पप्पा, इतकी हळू चालवतात की मागचे रिक्षावाले हॉर्न मारतात. मलाच झोप येते. फक्त उतरल्यावर जरा गरगरतं."

"गरगरतं म्हणजे?"

"अहो, दिवस गेलेत मला."

३.

जानेवारी संपता संपता गाडी परत आली. मीटरवर तीनशे चाळीस किलोमीटर वाढलेले. टायर गेलेले, सगळे उजव्या कडेला. खडूचे आकडे जिथल्या तिथं.

मी चिडलो, आणि चिडलो की मी कामाला लागतो. रिम तपासल्या, वाकड्या नव्हत्या. मागच्या दांड्यांच्या सांध्यातले रबर बुश काढून बघितले, नवेकोरे. गाडीचा सांगाडा दोरी लावून मोजला, जुन्या पद्धतीनं, आडवातिडवा. एका केसाचाही फरक नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्याला वाशीहून बोलावून मशीनच तपासून घेतलं. तो म्हणाला, मशीन एकदम बरोबर आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या.

मग मी हिशेब मांडला, म्हणजे मनातल्या मनात. तीनशे चाळीस किलोमीटरमध्ये एवढं रबर जायला गाडी तोल जाईपर्यंत वळलेली हवी, सतत, एकदाही सरळ न होता. पण तिनं तीनशे चाळीसच किलोमीटर काटले होते, आणि ते करंजाडे ते बेलापूर, घर ते ऑफिस, सरळ. मग उरलेलं फिरली कधी? आणि फिरली तर मीटरला कसं कळलं नाही? कुणी मीटर मागं केला म्हणावं, तर प्रणितला साधी स्टेपनी बदलता येत नाही.

मला काही समजेना. एकोणतीस वर्षांत मी "माहीत नाही" हे गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

"गाडी इथं राहू दे," मी म्हणालो. "किल्ली माझ्याकडं द्या. स्नेहा या गाडीत बसणार नाही."

"मामा, नवीन गाडी हाय..."

"प्रणितराव," मी म्हणालो, आणि बहुधा आवाज चढला असेल, कारण चहावाला वळून बघायला लागला. "ही गाडी कुठं जाते ते मला कळेपर्यंत ती इथून हलणार नाही."

त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. खरं सांगू, त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं. तो रिक्षानं गेला.

४.

टायरचा तिसरा जोड, दुसऱ्या कंपनीचा, यायला फेब्रुवारी संपला; आला तसा घातला. लिफ्टवर चढवून कमरेच्या उंचीला ठेवली, चारही चाकं अधांतरी. स्टिअरिंग सरळ करून त्याला कुलुपाची दांडी लावली. बॅटरीची तार काढली. किल्ली माझ्या खिशात. असं करताना मला माझीच लाज वाटत होती. चोर नाही, उंदीर नाही, मग बंदोबस्त कुणाचा करतोय? पण एक पक्कं होतं, आता झीज होणार नाही, आणि झाली नाही की दोष रस्त्याचा किंवा जावयाचा, असं ठरवून मी मोकळा होणार.

पहिला आठवडा काही झालं नाही. रोज सकाळी शटर उघडलं की आधी हात फिरवायचो. रबराचे केस जागच्या जागी. मी अंकुशला म्हणालो, "बघ, जावईच."

दुसऱ्या आठवड्यात, मार्चातला मंगळवार, दुपारी लाईट गेली. अंकुश जेवायला घरी गेला होता. मी डबा खाऊन बाहेर हात धुतले आणि आत आलो. कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद. रस्त्यावरचे ट्रक सोडले तर दुकानात कसलाच आवाज असायला नको होता.

आवाज होता. फरशीवर कुणी चप्पल घासत चालावं तसा, सपाट, न थांबणारा. मी मागच्या खोलीत डोकावलो, तिथं जुन्या टायरांची चळत. मोरीत बघितलं. परत गाडीपाशी आलो आणि आवाज इथलाच आहे हे कान मान्य करेनात.

चाकं फिरत नव्हती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. रिमवरचं कंपनीचं चिन्ह सरळ उभं होतं, हवेचा व्हॉल्व्ह खाली होता तो खालीच होता. आणि टायरच्या उजव्या कडेवरून काळी भुकटी पडत होती. चक्कीच्या तोंडातून पीठ पडतं तशी, बारीक आणि एकसारखी. चारही टायरांखाली फरशीवर छोटे छोटे ढीग झाले होते.

मी हात पुढं केला. करायला नको होता, पण हातालाच सवय. तळवा टायरला लागला, आणि कुणीतरी तो उजव्या बाजूला ओढल्यासारखा सरकला. मी ओरडलो. हात काढला तेव्हा तळव्याची एका बाजूची कातडी सोललेली.

लाईट आली. पंखा फिरला, कॉम्प्रेसर दणदणला, आणि त्या आवाजात तो आवाज होता की थांबला ते मला सांगता येणार नाही. अंकुश आला तेव्हा मी फरशी झाडत होतो.

"हाताला काय झालं?"

"गरम होतं," मी म्हणालो.

"काय गरम होतं?"

मी झाडू टाकला आणि बॅटरीची तार तेवढ्यापुरती जोडली. मीटर बघितला. आकडा तोच.

५.

एप्रिल लागला तशी स्नेहाची आणखी एक काळजी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला पूर्ण विश्रांती सांगितली. पलंगावरून फक्त बाथरूमपुरतं उठायचं, तेही धरून. तिची आई आता नाही, म्हणून बाळंतपण करंजाड्यालाच करायचं ठरलं होतं. विहीणबाई, म्हणजे मैनाबाई, तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होत्या.

एका सकाळी त्या स्वतःच दुकानात आल्या, प्रणितबरोबर. माझ्यासाठी वाकट्यांचं कालवण आणि भाकरी घेऊन. बाई बोलायला मोकळ्या, पण गाडी बघून त्या दारातच थांबल्या.

"भाऊ, अजून नाय झाली बरी?"

मी म्हणालो, "विहीणबाई, गाडी घेतल्यापासून पहिल्या दिवसापासनं काय काय केलं ते मला सांगा. काही गाळू नका."

"काय केलं म्हंजे? पूजा केली. चाकांखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मंग गावदेवीला पाच फेऱ्या."

"म्हणजे?"

प्रणितनं सांगितलं. त्यांच्या गावात नवीन गाडी, मग ती होडी असो की ट्रॅक्टर, आधी गावदेवीकडं न्यायची. होडी नुसती दाखवायची. चाकाच्या गाडीनं देवळाभोवती पाच फेऱ्या मारायच्या. पण गाव विमानतळासाठी उठलं. नव्या जागेत देवीचं देऊळ बांधलं, सुंदर बांधलं, फक्त दोन्ही बाजूंना बिल्डिंगा आल्या. भोवती गाडी फिरायला वाट नाही.

"मंग मीच बोलली," मैनाबाई म्हणाल्या, "चल, जुन्या जागेवर जाऊ. जागा तर तिचीच हाय."

"पण तिथं तर सगळा भराव टाकलाय ना?"

"सपाट हाय सगळं. पहिलं आमी डोंगराकडं बघून जागा सांगायचो. आता डोंगर पन नाय. मी गाडीतूनच बोट दाखवलं, इथंच व्हती म्हनून." त्यांनी पदर नीट केला. "व्हती तिथंच. असेल."

"मग फेऱ्या मारल्या?"

"हो," प्रणित म्हणाला. "आई माझ्या डावीकडं बसलेली. तिला जागा दिसायला पाहिजे, म्हणून मी गाडी डावीकडं वळवत ठेवली, म्हणजे जागा तिच्या खिडकीत राहील."

 प्रदक्षिणा उजवी घालतात, देव उजव्या हाताला राहतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ड्रायव्हर उजवीकडं बसतो आणि आई डावीकडं, तर पोरगा आईकडं बघणार की शास्त्राकडं?

"पाच झाल्या?"

"चार झाल्या. पाचवी निम्मी झाली आणि वॉचमननं शिट्टी मारली, जीप घेऊन आला. आम्ही तसेच निघालो."

"आमी म्हंजे तिगंच," मैनाबाई म्हणाल्या. "मी, ह्यो, आनि मागच्या शिटवर स्नेहा."

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्यानं. कारण माझ्या मनात जे येत होतं ते मला मनात ठेवायचं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी मारलेल्या साडेचार फेऱ्या टायरचे तीन जोड खातात काय? मी सातवी शिकलोय, पण एवढं मला कळतं.

ती दोघं गेल्यावर मी आणि अंकुशनं गाडीची चारही चाकं काढली. सांगाडा लाकडी ओंडक्यांवर ठेवला. टायर रिमवरून उतरवले, मधून कापले आणि भंगारात घातले. चाकंच नाहीत तर घासणार काय? आठ दिवस मी गाडीखाली रोज झाडून बघितलं. फरशी स्वच्छ. मला फार हलकं वाटलं. त्या रविवारी मी स्नेहाला भेटायला निघालो.

६.

करंजाड्याला तिसरा मजला. दार प्रणितनं उघडलं. सकाळचं ऊन सरळ दारातल्या चपलांवर पडलं होतं. त्यात स्नेहाच्या मऊ चपला होत्या, पाय सुजतात म्हणून मी महिन्यापूर्वी घेऊन दिलेल्या, फिकट गुलाबी. उजवी चप्पल उलटी पडली होती. उलटी चप्पल कुणी तशीच ठेवत नाही. मी वाकून ती सरळ करायला घेतली.

तिची बाहेरची कड गेली होती. फोम दिसत होता.

मी डावी उचलली. तिची आतली गेली होती.

माणूस पाय आत टाकून चालतो किंवा बाहेर टाकून. दोन्ही चपला उजव्या कडेला घासून कुणी चालत नाही. मी तळव्यावरून हात फिरवला नाही. एवढं मी नक्की केलं नाही.

"ह्या चपला कोण घालतं?" मी विचारलं.

"स्नेहाच्याच," प्रणित म्हणाला. "पण घालते कुठं? तीन आठवडे पलंगावर हाय ती."

आत स्नेहा उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण मला बघून खुलली. "पप्पा, बसा ना. एवढा घाम का आलाय?"

मी पलंगाच्या कडेला बसलो. म्हणालो, "तू रात्री वगैरे उठून चालतेस का गं?"

"आई दाराशी झोपतात. हलले तरी जाग्या होतात." ती म्हणाली, "तरी पाय असे दुखतात ना, मैलभर चालून आल्यासारखे."

मग आवाज थोडा खाली आणून तिनं सांगितलं, "परवा सोनोग्राफी झाली. बाळाच्या गळ्याभोवती नाळेचे वेढे आहेत. मागच्या सोनोग्राफीत एकच दिसला होता, आता चार. पाचवा पडायच्या आत बाळ काढलेलं बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उद्या सकाळीच ॲडमिट व्हायचंय. घाबरू नका, होतं असं म्हणाल्या."

मी मान हलवली. आठव्या महिन्यात बाळ डोकं खाली करून गप्प राहतं, हे तिच्या आईच्या वेळचं मला आठवत होतं. मी तेच धरून ठेवलं.

"गप्प कसलं!" ती म्हणाली. "सारखं फिरतंय. बघा, आत्ता पण."

बापानं लेकीच्या पोटावर हात ठेवायची आपल्यात रीत नाही. मी हात मागं घेतला. पण तिला ते माहेरच्या कुणालातरी दाखवायचं असेल, दुसरं कोण होतं तिला? तिनंच माझा हात धरला, सोललेला, अजून न भरलेला, आणि पोटावर ठेवला.

पहिल्यांदा काही लागलं नाही. मग तळव्याखालून ते सरकत गेलं. सावकाश, न थांबता, एकाच दिशेनं. मी डोळे मिटले. मला दिशा ओळखायची नव्हती. पण या हातानं एकोणतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही.

मी दुसराही हात ठेवला आणि जिकडं ते जात होतं तिकडून आडवा धरला, पाचवा वेढा पुरा होऊ नये म्हणून.

"प्रणितराव," मी म्हणालो, "गाडी मागवा. उद्या नाही, आत्ता."

"मामा, काय झालं?"

"कुणाचीही मागवा."

"पप्पा, दाबू नका," स्नेहा म्हणाली. ती आधी हसत होती, आता हसत नव्हती. "पप्पा, दुखतंय. हात काढा ना."

बाहेर प्रणित फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होता. ती पुन्हा म्हणाली, हात काढा. मी काढला नाही.